माहीत असलेली वाट विचारणारे मामा

मामांना लीड्समधला प्रत्येक रस्ता पाठ होता, तरी ते रस्ता विचारत. हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडलं की समोरून येणाऱ्या माणसाला थांबवून "मार्केटला कसं जायचं हो?" असं त्यांचं सुरू होई. त्या मार्केटात ते वीस वर्षं भाजी घेत होते. तो माणूस हातवारे करून सांगे, मामा मन लावून ऐकत, मधेच एखादी शंका काढत आणि मग बरोबर त्यानं सांगितलेल्या वाटेनं जात, मग ती दुप्पट लांबीची का असेना. मी एकदा वैतागून म्हटलं, एवढ्या थंडीत त्या म्हातारीला उगाच उभं केलंत.

"वाट मला माहीत आहे," मामा म्हणाले. "पण ती तिला कशी माहीत आहे ते मला कुठं माहीत आहे?"

त्या म्हातारीनं सांगताना एका सिनेमा थिएटरवरून डावीकडे वळायला सांगितलं होतं. त्या कोपऱ्यावर थिएटर नव्हतं, गालिच्यांचं दुकान होतं. मामा मार्केट येईपर्यंत त्या नसलेल्या थिएटरबद्दलच बोलत राहिले.

हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मराठी घरांतली मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मुलांचे आईबापही म्हणत, आणि वॉर्डातल्या नर्सेसना ते त्यांचं आडनाव वाटे. फोनवर "मिस्टर मामांना पाठवा, ईसीजी बंद पडलाय" असं त्या सांगत. माणूस मूळचा सांगलीकडचा, पन्नाशीला टेकलेला, एकटा. लग्न का केलं नाही, हे कुणी विचारलं की ते म्हणत, त्या वर्षी विसरलो.

मी शहाऐंशी साली नागपूरहून इंग्लंडात लीड्सला गेले. वृद्धांच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टर. तेव्हा आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना बहुतेक तेच वॉर्ड मिळत. राहायला हॉस्पिटलच्या आवारात एक खोली आणि चौघींत एक स्वयंपाकघर. थंडीची तयारी मी मनाशी करून गेले होते, तिचं काही वाटलं नाही. तयारी नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. काम असल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नसे. पहिले सहा आठवडे हॉस्पिटलच्या बाहेर मी प्लीज, थँक यू आणि सॉरी यांपलीकडे एक शब्द बोलले नव्हते.

मामांची आणि माझी गाठ एका बिघडलेल्या ईसीजी मशीनपाशी पडली. कागद अडकला होता आणि मी मशीनला मराठीतून नावं ठेवत होते. हत्यारांची पिशवी घेऊन आलेला एक बुटका माणूस शेजारी येऊन उभा राहिला. नाव नाही, गाव नाही, त्यांनी एकदम विचारलं, "डॉक्टर, इथं आल्यापासून सगळ्यांत नवल कशाचं वाटलं?"

 मी म्हणाले, बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, त्याचं.

"मग त्याला विचारलंत का, त्याला कसं वाटतं ते?"

नाही म्हटल्यावर त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि मशीनमध्ये डोकं घातलं. कागद मोकळा करून जाताना त्यांनी मला एक काम लावून दिलं. रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न. तो आपल्याला खरोखर पडलेला पाहिजे. हवामान चालणार नाही, ते सगळ्यांनाच दिसतं.

मी ते आधी हसण्यावारी नेलं. पण एके दिवशी मासे-चिप्सच्या दुकानात माझ्या पुढच्या माणसानं 'स्क्रॅप्स' मागितले आणि बाईनं त्याच्या पुडक्यावर काहीतरी कुरकुरीत ओतलं. माझी पाळी आली तेव्हा मी धीर करून विचारलं, ते काय असतं? ती बाई हसली, गिऱ्हाइकाला लव्ह म्हणायची तिथं रीतच, म्हणाली, मासे तळताना पिठाचे थेंब तेलात सुटतात ना लव्ह, तेच, फुकट असतात. म्हणजे भज्यांचा चुरा! आमच्या घरी त्याच्यासाठी भावंडांत मारामारी व्हायची. त्या दिवसापासून ती बाई मला न मागता दोन चमचे जास्त घालायची. मामांना सांगितलं तर त्यांना दुकान महत्त्वाचं वाटलं नाही. तुमच्या घरी कढईजवळ कोण बसायचं, आई की आजी, आणि चुरा कोण वाटायचं, हेच ते विचारत बसले.

लीड्सभोवतालच्या यॉर्कशरच्या बोलीवर त्यांचा भारी जीव. तिथली माणसं भेटल्यावर 'नाऊ देन' म्हणतात. मला वाटे, आता हा काहीतरी महत्त्वाचं सांगणार, आणि मी थांबून राही. मामांनी उलगडा केला, "अगं, ते आपलं 'काय मग?' आहे. त्याला उत्तर नसतं. तूही 'नाऊ देन' म्हणायचं आणि पुढं जायचं." एव्हाना मी अहो डॉक्टरची अगं झाले होते.

दर बुधवारी संध्याकाळी ते कुठे जातात, याचं मला कुतूहल होतं. एकदा मला घेऊन गेले ते थेट एका चर्चच्या मनोऱ्यात. दगडी जिना गोल गोल चढून वर गेलो तर एका खोलीत आठ दोर छतातून खाली लोंबत होते आणि त्यांच्याभोवती सात माणसं उभी होती. आठवा दोर मामांचा. नऊ वर्षांपूर्वी घंटा ऐकून त्यांनी खालचं दार ठोठावलं होतं, की एवढ्या घंटा वाजवता पण त्यात गाण्याची चाल का नाही? तिथल्या मुख्य माणसानं, तो निवृत्त प्लंबर होता, मला सांगितलं की या गृहस्थानं इतके प्रश्न विचारले, की उत्तरं देत बसण्यापेक्षा हातात दोर देणं सोपं वाटलं. चाल नसतेच. प्रत्येकाची एक घंटा, आणि कुणामागून कुणी वाजवायचं तो क्रम फेरीफेरीला बदलत जातो. सगळा आकड्यांचा खेळ. मामा डोळे अर्धवट मिटून तो खेळत आणि त्यांच्या कपाळावर घाम येई. पाद्रीबाबांनी कधीतरी विचारलं होतं, तुमचा धर्म कोणता? मामांनी उलट विचारलं, वरच्या बेअरिंगला तेल कोण घालतं? तेव्हापासून तेल तेच घालत.

मलाही दोर धरायला दिला. त्याला मधे लोकरीचा जाड पट्टेरी भाग असतो. घंटा उलटली की तो वर जातो, तेव्हा हातातून सोडायचा. मी घाबरून आणखीच घट्ट धरला आणि फूटभर वर उचलली गेले. प्लंबरनं कंबरेला धरून खाली घेतलं. मग सगळे पबमध्ये गेलो, मी आयुष्यात पहिल्यांदा, लिंबूपाणी घेऊन बसले. नागपुरात काय पिकतं, संत्र्याच्या झाडाला काटे असतात का, बुद्धाच्या देवळात घंटा असते का, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगत गेले. खोलीवर येताना लक्षात आलं, हॉस्पिटलच्या बाहेर माझं नाव माहीत असलेली आता सात माणसं या शहरात आहेत.

बुद्धाचं मी त्यांना सहज सांगितलं. मराठी मंडळींत ते सांगणं एवढं सहज नव्हतं.

लीड्समध्ये पाच-सहा मराठी घरं होती, बहुतेक डॉक्टरांची. महिन्यातून एकदा रविवारी एकेकाच्या घरी सगळ्यांचं जेवण असे. ओळख झाल्यावर मामा मला पहिल्याच महिन्यात घेऊन गेले. पुरणपोळी होती, मराठी कानावर पडत होती, मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. तिथल्या एका वहिनींनी, त्यांचे यजमान मोठे सर्जन, माझ्या पानात तूप वाढता वाढता विचारलं, नागपुरात कुठे राहता? मी वस्तीचं नाव सांगितलं. आडनावावरून नीट कळत नाही हो तुमच्याकडे, म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत. "हो का, छान," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. पुढचे दोन रविवार सगळं नीटच होतं. थोडं जास्तच नीट.

चौथ्या महिन्यात मी म्हटलं, आता माझी पाळी. चौघींच्या स्वयंपाकघराची परवानगी काढली, दोन दिवस खपून चौदा जणांचा स्वयंपाक केला. वांग्याची भाजी, झुणका, मसालेभात. रविवारी सकाळी जिन्यातला फोन वाजायला लागला. एकांची गाडी बिघडली. एकांना ताप. एकांकडे लंडनचे पाहुणे. सर्जनसाहेबांना अचानक ड्युटी लागली. एक वाजेपर्यंत सगळे फोन येऊन गेले होते.

मामा एकटे आले. मांडलेल्या ताटांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं नाही. बसले आणि जेवले. तीनदा भात घेतला. उरलेलं मी नाइट ड्युटीवाल्या नर्सेसना दिलं, त्या वांग्याच्या भाजीवर खूश झाल्या.

पुढच्या महिन्याच्या जेवणाचा मला फोन आला नाही. तिथे काय झालं ते मला नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका मुलीनं सांगितलं. जेवण सर्जनसाहेबांकडे होतं. पानं वाढून झाल्यावर मामांनी नेहमीच्या आवाजात एकांना विचारलं, मागच्या महिन्यात तुमची गाडी बिघडली होती, काय बिघडलं होतं? ते म्हणाले, इंजिन. इंजिनात काय? कुठल्या गॅरेजला दाखवलीत? आवाज कसला येत होता? मामांना यंत्रांची खरंच आवड, त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मग ते दुसऱ्यांकडे वळले. ताप किती होता? औषध काय घेतलंत? मग लंडनचे पाहुणे कोण, कुठल्या गाडीनं आले, कुठं कुठं फिरवलंत. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. ती मुलगी म्हणाली, रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी सर्जनसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "मामा, जेवा ना आता."

"मला फक्त एवढंच समजून घ्यायचं होतं, वहिनी," मामा म्हणाले. "एकाच रविवारी एवढं सगळं कसं झालं?"

 मामांनी भरलं ताट तसंच ठेवलं, उठून हात धुतले, कोट चढवला आणि बस पकडून घरी गेले. त्यानंतर त्यांनाही फोन येईनासा झाला.

मी त्यांच्यावर चिडले. माझ्या चार महिन्यांच्या ओळखी तुटल्या तर तुटल्या, त्यांची वीस वर्षांची माणसं होती ती. दिवाळी तिथं, आजारपणात डबा तिथून. ज्या मुलांनी त्यांना मामा केलं ती त्याच घरांतली. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सुनावलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? ते एका पंपाचे स्क्रू ओळीनं मांडत होते. मग मनात होतं तेही विचारलं. मामा, तुम्ही जगाला काय वाटेल ते विचारता. मला इतक्या महिन्यांत आडनाव विचारलं नाहीत, वस्ती विचारली नाहीत. का?

त्यांनी सांगितलं ते असं. पुण्यात डिप्लोमाला असताना त्यांच्या खोलीत बुलढाण्याकडचा एक मुलगा राहायचा. दोघांनी दीड वर्ष बरोबर काढलं, गणित तो शिकवायचा, ड्रॉइंग मामा. मुलगा गावाच्या नावावरून आडनाव लावायचा. दोघं एकाच खाणावळीत जेवत. मामांच्या आतेभावाची त्याच गावच्या शाळेत बदली झाली. पत्र आलं त्याच दिवशी जेवताना मामांनी हौसेनं विचारलं, अरे, तुझं घर कुठल्या आळीत? भावाला पाठवतो भेटायला. तो म्हणाला, नदीच्या अंगाला. म्हणजे देवळाच्या मागं का? नाही, वेशीच्या बाहेर. बाहेर म्हणजे नेमकं कुठं?

"मला खरंच कळलं नव्हतं गं," मामा म्हणाले. "पण खाणावळीचा मालक वाढत होता, त्याला कळलं. त्यानं त्याला पानावरून उठवलं. दुसऱ्या दिवशी खोलीत त्याची ट्रंक नव्हती. कॉलेजही सोडलं त्यानं. तेव्हापासून हा एक प्रश्न मी कुणाला विचारत नाही."

त्यांनी त्याचं नाव आणि गाव मला सांगितलं, पण शोध असं म्हणाले नाहीत. मीच ते मनात ठेवलं. मामांचा रोग मला लागला होता.

तीन वर्षांनी रजेवर नागपूरला गेले तेव्हा मी बाबांना ते नाव सांगितलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, विदर्भातल्या प्रत्येक तालुक्यात त्यांचा कुणीतरी कार्यकर्ता. आठवड्यात पत्ता लागला. गृहस्थ अकोल्याला शाळेत गणिताचे मास्तर होते. मी एकटीच गेले. बाहेरच्या खोलीत भिंतीला फळा, समोर सात-आठ मुलं. मास्तरांनी त्यांना गणितं घालून दिली आणि मला आत बसवलं. मी मामांचं नाव घेतलं तसे ते बराच वेळ चहा ढवळत राहिले.

मी सगळं सांगितलं. लीड्स, घंटा, ते जेवण, आणि मामांनी न विचारलेला प्रश्न. मास्तरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "विचारल्याचं मला काही नाही. कधी ना कधी कुणीतरी विचारलंच असतं. मी पानावरून उठलो, दारापर्यंत गेलो आणि मागं वळून पाहिलं. तो जेवत होता. एवढं त्याला सांगा."

आणखी काही सांगू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. निघताना मी भीतभीत विचारलं, तुमचा पत्ता त्यांना दिला तर चालेल? ते म्हणाले, ते तुम्ही ठरवा, तुम्ही दोघांनाही पाहिलंय.

परतीच्या विमानात मी तेच ठरवत होते. हे न सांगता नुसता पत्ता देता आला असता. मामांची पन्नाशी उलटली होती, मराठी घरांपैकी दोनच त्यांना पुन्हा बोलवू लागली होती, कशाला त्यांना दुखवायचं? पण मास्तरांनी निरोप दिला होता आणि मी तो घेतला होता.

वर्कशॉपमध्ये स्टूलवर बसून मी तो शब्दाला शब्द सांगितला. मामांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "ते मी तुला सांगितलं नव्हतं. आमटी होती, बटाट्याची भाजी होती. मी सगळं संपवलं."

बाहेर ट्रॉल्या ढकलल्याचा आवाज येत होता. कुणीतरी दार उघडून 'नाऊ देन मामा' म्हणालं, त्यांनी हात वर केला, दार बंद झालं. मग त्यांनी तो हात तसाच माझ्यापुढे केला. मी पर्समधून पत्त्याची चिठ्ठी काढून दिली.

त्याच सुमारास मला केंब्रिजला नोकरी मिळाली आणि मी लीड्स सोडलं. त्यांची आई वारल्यापासून मामा अकरा वर्षं भारतात गेले नव्हते. पुढच्या जानेवारीत ते गेले. मला कळवलं नव्हतं, प्लंबरनं फोनवर सांगितलं, बुधवारी आठवा दोर मोकळा आहे म्हणून. ते अकोल्याला गेले की सांगलीला बहिणीकडेच राहिले, दारातून परत तर फिरवलं नसेल, हे कळायला मला काही मार्ग नव्हता. महिनाभर मी रोज टपालाची वाट पाहिली.

आलं ते पत्र मामांचं नव्हतं, मास्तरांचं होतं. एका बाजूनंच लिहिलेलं.

"डॉक्टर, सप्रेम जयभीम. तुमचे मामा इथं येऊन गेले. चार दिवस राहिले. पहिले दोन दिवस ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. बाहेरच्या खोलीत मुलांमागे बसून त्यांनी माझे सगळे तास ऐकले. तिसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, तू तिथून निघालास तो कुठं गेलास? एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. मी त्यांना सांगितलं. भात गार झाला, मुलं शिकवणीला येऊन परत गेली, तरी माझं सांगून होईना."